तीर्थ पातळच असतं

भवानी पेठ, सोलापूर
१८ नोव्हेंबर २०२४

अण्णा,

पाकीट फाडू नको. माझं अक्षर बघून तू फाडणार हे ठावकी होतं, म्हणून पत्ता दुकानातल्या पोरीकडनं लिहून घेतलाय. तू माझा नंबर ब्लॉक केलास, सख्ख्या आईचा, अव्वाचा केलास, आमच्या फ्लेक्सच्या दुकानाचा पन केलास. आता पोस्टमन तेवढा राहिलाय. तुझा इचलकरंजीचा पत्ता आपल्या गल्लीतल्या बसप्पानं दिला. त्याला शिव्या देऊ नको. त्याच्या गाडीची चावी माझ्याकडं होती, बिचारा काय करणार.

आप्पांच्या अंगावरनं वारं गेलं.

आता तू म्हणणार, गुर्‍याचं नवीन नाटक. व्हय, मागं अव्वा पडली म्हणून मीच तुला बोलवलं होतं, आणि मोहोळपर्यंत आल्यावर तुला कळलं की अव्वा गच्चीवर पापड वाळवतीय. म्हणून ह्यावेळी दवाखान्याच्या कागदाची झेरॉक्स लावलीय. ती बघून म्हणशील, हा फ्लेक्सच्या दुकानात काम करतो, शिक्का पन ह्यानंच छापला असंल. मग मी काय लावू सांग. आप्पांचा फोटो लावणार न्हाय. तोंड वाकडं झालंय, त्यांना आवडणार न्हाय.

दिवाळी झाली आणि दोन दिवसांनी झालं. कारखान्यात खळीच्या खात्यात उभे होते, उभ्या उभ्या बसले. उजवा हात गेला, उजवा पाय गेला. बोलणं पन गेलं. समजतं सगळं. तू म्हण पंखा, पंख्याकडं बघत्यात. तुझं नाव घेऊन म्हण सोमेश, तर भिंतीकडं बघत्यात. म्हणजे समजतं.

तुमच्या दोघांत मी पडत न्हाय. तू गळ्यातलं इष्टलिंग काढून देव्हार्‍यात ठेवलंस, आप्पा म्हणले आता ह्या घरातला पाण्याचा थेंब पिऊ नको, तू तोंडाला लावलेला तांब्या खाली ठेवून गेलास. दोघंबी एका मापाचे. पन आता ज्याला पाणी पिता येत न्हाय तो आप्पाच हाय.

खरा घोळ बोलण्याचा न्हाय, गिळण्याचा हाय. गळ्यात दोन नळ्या असत्यात की, एक पोटाची, एक श्वासाची. गिळताना श्वासाच्या नळीवर झाकण पडतं. आप्पांचं झाकण आता आपल्या गल्लीतल्या एटीएमच्या म्हातार्‍या वॉचमनसारखं झालंय. तो उठून चप्पल घालेपर्यंत चोर आत. आणि पाणी म्हणजे सगळ्यात चपळ चोर. म्हणून साधं पाणी बंद. त्यात एक पावडर घालून घट्ट करायचं, मधासारखं, चमच्यानं द्यायचं. अव्वा म्हणती, जन्मभर सुताला खळ लावणार्‍या माणसाला आता खळच पाजा.

आप्पा पिताना माझ्याकडं असे बघत्यात की हे मीच ठरवलंय.

तू ये. भांडायला ये, पन ये.

गुरुशांत


२८ नोव्हेंबर

अण्णा,

पत्र परत आलं न्हाय म्हणजे तू घेतलंस. वाचलंस का चुलीत घातलंस ते तुझं तू जाण. गॅसवर जळत न्हाय नीट, सांगून ठेवतो.

एक बातमी. दहावीला गणितानं मला तीन वेळा घरी पाठवलं, पन आता एका शाळेत मी पहिला आलोय. दवाखान्यात दर गुरुवारी नातेवाईकांचा वर्ग भरतो. ज्यांच्या ज्यांच्या माणसाला गिळता येत न्हाय ते सगळे. प्रतिक्षा मॅडम शिकवत्यात. वयानं माझ्यापेक्षा पाचसहा वर्षांनी मोठ्या, पन आवाज हेडमास्तरचा. पहिल्या दिवशी मी मागं बसून, म्हातारे कसे गिळत्यात त्याची नक्कल करत होतो. मॅडमनी बघितलं. मला पुढं बोलवलं, आडवं पाडलं, मान मागं टाकली आणि म्हणल्या आता चमचाभर पाणी गिळ. अण्णा, मी असा ठसकलो की नाकातनं पाणी आलं. सगळा वर्ग हसला. मॅडम हसल्या न्हायत. म्हणल्या, तू धडधाकट हायस तर हे, तुझ्या वडिलांचं काय होत असंल.

तवापासनं मी पुढच्या बाकावर.

आप्पांना ताठ बसवायचं, पाठीमागं उशी. हनुवटी छातीकडं. मान वर गेली की श्वासाचं दार उघडं, म्हणून ग्लासनं न्हाय, ओंजळीनं तर न्हायच. अर्धा चमचा. गळ्याच्या घाटीवर बोट ठेवून बघायचं, वर गेली का. मग रिकामं परत एकदा गिळायला लावायचं. मग आ म्हणायला लावायचं. आवाज कोरडा आला तर पुढचा चमचा. ओला आला, गुळणी करताना बोलल्यासारखा, तर थांबायचं. जेवण झाल्यावर अर्धा तास आडवं करायचं न्हाय, आणि दात, जीभ, टाळू सगळं पुसून काढायचं, कारण तोंडातली घाण थुंकीबरोबर छातीत जाती. मी आप्पांचे दात घासतो. हे बसप्पाला सांगू नको.

सगळ्यात भ्यायचं कशाला, ते मॅडमनी शेवटी सांगितलं. ठसका आला तर बरं, म्हणजे शरीराला कळलं. काही जणांना ठसका येतच न्हाय. पाणी गुपचूप आत जातं, माणूस शांत बसलेला, घरचे म्हणत्यात बघा किती छान प्यायले. मी विचारलं मग ओळखायचं कसं. म्हणल्या, आवाज ऐक. मागनं येणारा ताप बघ.

बोलण्याचा पन तास असतो. मॅडमना कानडी येत न्हाय, त्यांनी मला विचारलं, ‘गिळा’ला तुमच्यात काय म्हणत्यात. मी सांगितलं, कुणीरी. मॅडम आप्पांपुढं चमचा धरून लई मायेनं म्हणायला लागल्या कुणीरी, कुणीरी. म्हणजे नाचा, नाचा. आप्पांनी एक डोळा मोठा करून माझ्याकडं बघितलं. अण्णा, फटका द्यायच्या आधीची तीच नजर. डावा हात पांघरुणातनं निघाला पन. मी दोन पावलं मागं सरकलो आणि मला इतकं बरं वाटलं. अव्वानं मला चिमटा काढला ते वेगळं.

मग मॅडमनी खरं कानडी शिकून घेतलं आणि आकडे मोजायला लावले. ओंदु एरडु मूरु. आप्पांच्या तोंडातनं नाल्कु बाहेर पडलं, त्याच्या मागनं ऐदु. आपलं आपणच दचकले. मॅडम म्हणल्या, पाठ असलेलं आधी येतं, बाकीचं हळूहळू.

सध्या ज्वारीचं घट्ट माडगं खात्यात. पोळी बंद. तुझं नाव मी रोज घेतो. भिंत बघत्यात.

गुर्‍या


१० डिसेंबर

अण्णा,

आता तुझी गरज लागलीय. नीट वाच.

आप्पा पूजेशिवाय तोंडात काही घालत न्हायत, हे तुला सांगायला नको. दवाखान्यात होते तवर नाइलाज होता. घरी आल्यावर पहिले काही दिवस थकून नुसते झोपेत गेले. आता अंगात जरा जीव आला आणि पहिल्या सकाळी त्यांनी गळ्यातल्या लिंगावर डावा हात ठेवला आणि चमच्याला तोंड मिटलं.

डावा तळहात चांगला हाय. लिंग तळहातावर ते धरत्यात. उजव्या हाताचं काम मी करतो. पाणी घालतो, भस्म लावतो, बेल वाहतो. माझ्या हातनं भस्माची बोटं वाकडी उमटली की आप्पा थांबत्यात, मी पुसून परत काढतो. तुला हसू येईल, मी आणि पूजा. पन माझा हात त्यांचा हात झालाय, आता त्याला वळण पन त्यांचंच पाहिजे.

हे सगळं ठीक. शेवटी तीर्थ. लिंगावरचं पाणी. साधं, पातळ, चपळ पाणी. आणि ते तळहात उचलून पिणार, म्हणजे मान वर.

मी डोकं चालवलं. तीर्थ वाटीत धरलं, पाठ करून पावडर घातली, घट्ट करून चमच्यानं दिलं. आप्पांनी जिभेवर घेतलं आणि माझ्या शर्टावर थुंकलं. अव्वानं वाटी हुंगली. म्हणली, "तीर्थ पातळच असतं रं. घट्ट असतो तो नैवेद्य."

त्या दिवशी दुपारपर्यंत जेवले न्हायत. शेवटी अव्वानंच पातळ तीर्थ दिलं, मी दुकानात असताना. मला कळलं संध्याकाळी, कारण आप्पा खोकत होते. मी आरडाओरडा केला. अव्वा म्हणली खोकला थंडीचा हाय.

मग सोमवारी बसलिंगप्पा स्वामी आले, आजारी माणसाला बघायला. तू ओळखतोस, म्हातारे, आपल्या दोघांच्या गळ्यात लिंग त्यांनीच बांधलं. त्यांनी स्वतःच्या पूजेचं तीर्थ आप्पांच्या तळहातावर दिलं. आप्पांनी हात वर केला, मान मागं टाकली आणि प्यायले. मी मधे पडलो तवर झालं होतं.

ठसका आला न्हाय. एकदापन न्हाय.

अण्णा, घरात सण झाला. अव्वा रडायला लागली. शेजारच्या म्हाळसाबाईला हाक मारून आणलं, बघा म्हणली, साध्या पाण्यानं ठसकत्यात आणि स्वामींच्या तीर्थानं न्हाय. म्हाळसाबाईनं हात जोडले. गल्लीत साखर वाटली. मी आप्पांपुढं बसलो, म्हणलं आप्पा, आ म्हणा. आप्पा आनंदात होते, म्हणले आ. आवाज कसा होता सांगू, नळाला हवा येती ना पाण्याआधी, तसा. भिजलेला.

मी सांगितलं सगळ्यांना. ठसका आला न्हाय म्हणजे आत गेलं, छातीत गेलं, मॅडमनी शिकवलंय. कुणी ऐकंना. म्हाळसाबाई म्हणली, "ह्यानंच न्हाय का बसप्पाच्या वाढदिवसाला चौकात श्रद्धांजलीचा फ्लेक्स लावलेला?" सगळे हसले. अव्वा पन हसली, डोळे पुसत. आणि मला म्हणली देवाच्या पाण्याची तरी मस्करी करू नको बाबा.

बसप्पाची आई त्या फ्लेक्सखाली बेशुद्ध पडली होती, हे खरं हाय. पन हे पन खरं हाय ना.

तू थोरला हायस. तू येऊन सांग. तुझ्या तोंडून ऐकतील.

गुर्‍या


१९ डिसेंबर

अण्णा,

ताप आला. चार दिवस झाले. छातीचा फोटो काढला, उजव्या बाजूला पांढरं दिसतंय. न्यूमोनिया. अॅडमिट हाय. म्हणजे मी जिंकलो. पेढे पाठवू का.

प्रतिक्षा मॅडम खास आल्या, अव्वाला बाजूला बसवून सगळं परत सांगितलं, फोटो दाखवला, हे पाणी हाय म्हणल्या. अव्वा मान हलवत होती, व्हय मॅडम, व्हय मॅडम. मला वाटलं पटलं. मॅडम गेल्यावर अव्वा मला म्हणली, पोरगी चांगली हाय, पन तिला काय माहीत, हा ताप त्या रातच्या वार्‍याचा हाय, तूच खिडकी उघडी ठेवली होतीस.

नाकातनं नळी घातलीय. आप्पांनी डाव्या हातानं ओढून काढली. परत घातली, हात बांधला. डावा हात, अण्णा. एकच तर राहिलाय. बांधलेला हात बघून मी बाहेर जाऊन बसलो. वॉर्डातला मामा म्हणला तू तर सगळ्यांना हसवतोस, आज काय झालं. मी म्हणलं आज सुट्टी हाय.

डॉक्टर म्हणत्यात, असंच चाललं तर पोटाला भोक पाडून नळी बसवावी लागेल, आणि परत एकदा छातीत गेलं तर सांगता येत न्हाय. अव्वा म्हणती पोटात भोक नको. सही कुणाची, मी विचारलं. घरातल्या मोठ्याची.

गुर्‍या


२ जानेवारी २०२५

अण्णा,

डबा मिळाला. पावडरचा. वर इचलकरंजीच्या कुरियरचा शिक्का. आत चिठ्ठी असंल म्हणून मी सगळी पावडर परातीत ओतून बघितली. न्हवती. म्हणजे तू वाचतोस. वाचतोस आणि पावडर पाठवतोस. मला पावडर मिळती रं हितं.

आप्पा घरी हायत. ताप उतरला. नाकातली नळी काढली, पोटातल्या नळीला अव्वानं आणि आप्पांनी दोघांनी मिळून न्हाय म्हटलं. आप्पांनी मान हलवून. डॉक्टरनी तीन वेळा विचारलं, तीनदा न्हाय.

मी स्वामींकडं गेलो. एकटाच. मला वाटलं स्वामी चिडतील, मी एकदा त्यांच्या काठीच्या टोकाला सायकलची घंटी बसवली होती. त्यांनी बसवलं, दूध दिलं, सगळं ऐकून घेतलं. त्यांना ठसक्याचं सांगितलं तवा ते बराच वेळ स्वतःच्या हाताकडं बघत बसले. त्यांच्याच हातानं दिलेलं ना. म्हणले, तीर्थ डोळ्याला लावलं तरी पोचतं, मी येऊन सांगतो. मी रस्त्यानं नाचत आलो. म्हणलं सुटलो.

दुसर्‍या दिवशी ते आले, आप्पांजवळ बसले, कानडीत समजावलं. बोट तीर्थात बुडवून आप्पांच्या दोन्ही डोळ्यांना लावलं. आप्पांनी ऐकून घेतलं. मग माझ्याकडं बघितलं, लई वेळ. त्यांना वाटलं हे मी शिकवून आणलंय. शिकवलं होतंच की.

मग त्यांनी तोंड मिटलं. त्या दिवशी काही खाल्लं न्हाय. दुसर्‍या दिवशी न्हाय. माडगं न्हाय, घट्ट पाणी न्हाय, गोळी न्हाय. अव्वा पदर तोंडाला लावून स्वयंपाकघरात. स्वामी परत आले, हात जोडून म्हणले ईरप्पा, खा. न्हाय. ओठ सुकून फुटले.

तिसर्‍या सकाळी अव्वानं तीर्थ दिलं. मग माडगं अर्धी वाटी खाल्लं.

मी तुला ये ये म्हणून लिहीत होतो, तू सांगितलंस तर ऐकतील म्हणून. काल रात्री डोक्यात आलं. तू येऊन काय सांगणार. म्हणतील, लिंग काढलेला पोरगा बापाचं तीर्थ बंद करायला आला. माझं ऐकत न्हायत कारण मी हसवतो. तुझं ऐकणार न्हायत कारण तू मानत न्हायस. स्वामींचं ऐकलं न्हाय कारण मी त्यांच्याकडं गेलो होतो. बघ की कशी गाठ पडलीय.

तरी ये. सांगायला न्हाय. असाच.

गुर्‍या


११ जानेवारी

अण्णा,

गुरुवारी मॅडमना सगळं सांगितलं. मग म्हणल्या, त्यांना समजतंय ना. मी म्हणलं समजतंय. सगळं समजून हवंय ना. व्हय. मग म्हणल्या, देणारच असाल तर तू दे. दुसर्‍या कुणाला देऊ देऊ नको. आधी तोंड एकदम स्वच्छ. ताठ. ओंजळ न्हाय, चमचा. चमच्याचं टोक भिजेल एवढंच. हनुवटी तू धर. मी विचारलं मग छातीत जाणार न्हाय ना. म्हणल्या, कमी जाईल. मी म्हणलं पन जाणार न्हाय असं म्हणा की. म्हणल्या, "तसं मला म्हणता येत नाही, गुरुशांत." त्यांचा हेडमास्तरचा आवाज गेला होता.

तवापासनं मीच देतोय. गड्ड्याच्या जत्रेची तयारी चाललीय, चौकात लाईटी लागल्या, दुकानात फ्लेक्सची रीघ लागलीय, मालक शिव्या घालतोय, आणि मी रोज सकाळी पूजा झाल्याशिवाय दुकानात जात न्हाय. काल संध्याकाळपासनं आप्पांचं अंग परत कोमट लागतंय. थर्मामीटर मी लावला, अव्वाला सांगितलं न्हाय. श्वासाला घरघर हाय. दुपारी गाडी करून दवाखान्यात नेणार हाय. डबा, चादर, कागद सगळं भरून ठेवलंय.

आज सकाळी पूजा केली. भस्माची बोटं सरळ आली, आप्पा थांबले न्हायत. दात घासले, टाळू पुसली. उशी लावली. वाटीत तीर्थ होतं, मी चमच्याचं टोक बुडवलं आणि हात पुढं जाईना. अव्वा आत होती. मी म्हणलं एकदा तोंडावर सांगून टाकावं. आजपर्यंत अव्वाला सांगितलं, स्वामींना सांगितलं, गल्लीला सांगितलं, त्यांना सरळ कुणी सांगितलं न्हाय.

मी म्हणलं, "आप्पा, ठसका येत न्हाय पन हे पाणी छातीत जातंय. हे तुमाला मारणार हाय."

आप्पांनी माझ्या तोंडाकडं बघितलं. मी तोंड सरळ ठेवलं होतं, अगदी सरळ. मस्करी करताना ठेवतो तसंच झालं असंल. त्यांची डावी बाजू हलायला लागली. मला वाटलं झटका आला परत. न्हाय. आप्पा हसत होते. आवाजासकट. अर्ध्या तोंडानं, पन खदखदून. वारं गेल्यापासनं पहिल्यांदा.

अव्वा पिठाच्या हातानं पळत आली. नवर्‍याला हसताना बघून तिथंच खाली बसली. म्हणली, "काय सांगितलंस रं? अजून एकदा सांग की."

मी अजून एकदा सांगितलं. शब्दाला शब्द. आप्पा परत हसले. अव्वा पन हसली, पिठाचा हात तोंडावर ठेवून.

मग आप्पांनी आपण होऊन हनुवटी खाली घेतली आणि तोंड उघडलं. मी दिलं.

गुर्‍या